बाबांनी आखलेलं गाव

१९९३ साली मी आठ वर्षांची होते. आम्ही तेव्हा सोलापुरात राहायचो. गणपती विसर्जनाच्या रात्री दमून झोपले आणि पहाटे फळीवरचे पितळी डबे खणखणले म्हणून जागी झाले, इतकंच मला आठवतं. तो ३० सप्टेंबरचा, लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप. नंतरची आठवण गल्लीत आलेल्या हातगाडीची. पोरं ओरडत होती, "किल्लारीसाठी कपडे द्या, धान्य द्या." आईने साड्या टाकल्या. मी माझा लाल फ्रॉक दिला, आदल्या दिवाळीचा. कंबरेत घट्ट व्हायला लागला होता, पण आवडता होता.

बाबा सरकारी नोकरीत ओव्हरसीअर होते. त्यांना आठवडाभरात तिकडे पाठवलं आणि पुढची दोन वर्षं ते महिन्यातून एकदा घरी यायचे. आले की मी विचारायची, "माझा फ्रॉक कुणाला मिळाला?" ते म्हणायचे, "चहा झाला का बघ."

आता ते त्र्याहत्तर वर्षांचे आहेत आणि पुण्यात माझ्याकडेच असतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एकदम म्हणाले, "तीस तारखेला किल्लारीला जायचं का?" मी आधी दवाखान्याच्याच तारखा बघायला लागले होते.

शनिवार, २८ सप्टेंबर : पुणे ते किल्लारी

सकाळी सहाला निघालो. सोलापूर, तुळजापूर, औसा, लामजना, किल्लारी. पावणेचारशे किलोमीटर तरी होतात. रस्ता आता चांगला आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

तुळजापूरला थांबलो. नवरात्राला पाच दिवस होते, त्यामुळे देवी मंचकी निद्रेत होती. घटस्थापनेआधी तिला सिंहासनावरून उठवून पलंगावर निजवतात, हे मला ऐकून माहीत होतं, पण बघितलं पहिल्यांदाच. गर्दी कमी होती. पुजारी हळू आवाजात बोलत होते, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. ज्यांना नवरात्राची चेंगराचेंगरी झेपत नाही त्यांनी याच आठवड्यात यावं. फक्त मूर्ती उभी दिसणार नाही, हे घरच्या म्हाताऱ्यांना आधी सांगून ठेवा.

पुढे औशाच्या वाटेवर उजनी लागतं. भीमेवरच्या धरणाचं उजनी वेगळं, हे बासुंदीचं. मी एक वाटी घेतली, बाबांनी दोन, आणि वर "आईला सांगू नकोस" म्हणाले. आईला जाऊन सहा वर्षं झाली. बोलून गेल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं. मग मीही दुसरी वाटी घेतली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन. कुठे काढणी चालू, कुठे काढलेला माल ताडपत्रीखाली, कारण आठवडाभर पाऊस सोडत नव्हता. चहाच्या टपरीवर एकच विषय: त्या वर्षीचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ आणि बाजारात त्याच्या किती खाली. भूकंपाचा कुणी उल्लेखही केला नाही. मला वाटलं होतं की दोन दिवसांवर तारीख आलीय तर काहीतरी ऐकू येईल.

किल्लारीत आम्ही उतरलो ते एका घरी. १९९३ मध्ये बाबा नव्या गावठाणाची आखणी करत होते, तेव्हा चौदा वर्षांचा एक मुलगा त्यांच्या टेपचं दुसरं टोक धरायचा. कामावर नव्हता, रोज येऊन उभा राहायचा म्हणून बाबांनी टोक त्याच्या हातात दिलं. तो आता पंचेचाळीस वर्षांचा आहे आणि पाटीवर, म्हणजे हमरस्त्याच्या फाट्यावर, त्याचं खतांचं दुकान आहे. मी त्याला दादा म्हणू लागले. तो बाबांना अजून "साहेब"च म्हणतो आणि त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नाही, बाजेवर बसतो.

त्याची आई दारातच भेटली. तिला मी मावशी म्हणू लागले. भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाबांना नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "तुमीच न्हवं का फक्की मारून मला गावाच्या त्या टोकाला टाकलेलं?"

बाबा हसले, पण कसनुसं.

राहण्याबद्दल : किल्लारीत लॉजच्या भरवशावर जाऊ नका. ओळख नसेल तर लातूर किंवा औशाला मुक्काम करा. लातूरहून किल्लारी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे, एसटी आणि जीप मिळतात.

रात्रीचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि चुक्याची भाजी. येसर म्हणजे धान्य-डाळी आणि मसाला भाजून दळलेलं पीठ. पाण्यात कालवून फोडणीत सोडलं की आमटी तयार, वेगळी डाळ शिजवायला नको. पहिला घास बाबांनी घेतला आणि थांबले. नंतर कळलं की सुरुवातीचे महिने त्यांच्या तंबूत मावशीच डबा पाठवायची, आणि त्यात रोज हेच असायचं, कारण मदतीत आलेल्या पोत्यांतून होण्यासारखं तेवढंच होतं.

रविवार, २९ सप्टेंबर : जुनं गाव

सकाळी दादाने गाडी काढली आणि आम्हाला जुन्या किल्लारीत नेलं. नवं गाव हमरस्त्याला, जुनं आत, तेरणेच्या अंगाला. वाटेत नीळकंठेश्वराचं जुनं देऊळ लागतं.

गाव म्हणून काही उरलेलं नाही. वेड्या बाभळी, छातीएवढं गवत, दगडांचे ढीग. पण थोडा वेळ उभं राहिलं की जोती दिसायला लागतात. मग एखादं उखळ, पुरलेल्या रांजणाचा काठ, दोन पायऱ्या ज्या कुठेही जात नाहीत. पायात बूट हवेतच आणि काठी आपटत चाला. पावसाळ्याच्या शेवटी इथे साप असतात. दादाने सांगितलं म्हणून नाही, मला एक दिसला म्हणून सांगते.

आतापर्यंत गप्प असलेले बाबा इथे बोलायला लागले. एका पडक्या भिंतीपाशी उकिडवे बसले, त्या वयात, आणि मला बोलावलं.

"ही एक भिंत दिसते ना? ह्या दोन आहेत. बाहेरची एक, आतली एक, आणि मधे गोटे न् चिखल. जोडणारा आरपार दगड बघ सापडतो का."

मी बघितलं. दोन-अडीच फूट जाडीची भिंत, आणि एकही दगड या अंगापासून त्या अंगापर्यंत गेलेला नव्हता.

"हलली की पोट येतं दोन्हीकडं. आतलं पोट फुटतं ते झोपलेल्या माणसावर."

त्यावर माळवद. लाकडी खांब, तुळया, त्यांवर किलच, म्हणजे लाकडाच्या चिपा, आणि वर पांढरी माती, फूट-दोन फूट. दर उन्हाळ्यात गळती बंद करायला आणखी चार पाट्या माती चढवायची. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. या भागात पैसेवाल्याचं घर म्हणजे जाड भिंतीचं. गावाच्या कडेला ज्यांची कुडाची, गवताची खोपटी होती त्यांतली बरीच माणसं वाचली, कारण अंगावर पडायला काही जडच नव्हतं. "ज्याचा वाडा मोठा त्याच्या घरची माणसं जास्त गेली," दादा म्हणाला आणि समोरच्या एका जोत्याकडे बोट केलं. कितीजण ते त्याने सांगितलं. मी लिहीत नाही.

तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तिसऱ्या पट्ट्यात गेला तो २००२ मध्ये. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी इथे ६१७ मीटर खोल भोक पाडलं. वरचा ३३८ मीटर काळा पाषाण आणि त्याखाली पार जुना ग्रॅनाइट. पण गावाला कुणी काही सांगितलं नव्हतं असंही नाही. जमिनीनेच सांगितलं होतं. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, बारीकसारीक हादरे खूप बसले होते, ऑक्टोबरातला एक तर चांगलाच मोठा होता. लोक महिनोन् महिने अंगणात झोपले. मग सवय झाली. मग पावसाळा आला आणि बाजा आत गेल्या.

दादा वाचला तो विसर्जनामुळे. मंडळाची पोरं रात्री उशिरा परत आली आणि लेझमी उशाला घेऊन मांडवातच पडली. मावशी वाचली ती एका तुळईमुळे. तुळई आडवी पडली, एक टोक उखळावर टेकलं आणि खाली बाई मावेल एवढी जागा राहिली. तिने ते सांगताना दोन्ही हातांनी जागा दाखवली, शिवणकामाचं माप दाखवावं तशी. चांगलं चांदणं होतं, म्हणाली, पण बाहेर काढलं तेव्हा धुरळ्याने काहीच दिसत नव्हतं, फक्त आवाज. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी झालेला भूकंप. लातूर आणि आताचा धाराशिव जिल्हा मिळून बावन्न गावं पूर्ण बसली. मेलेली माणसं आठ ते दहा हजार, कुणाचा आकडा धरता त्यावर.

मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी आले होते, लष्कर आलं, आणि पाऊसही आला. सरणाला लाकूड कुठून आणणार? घरांचीच लाकडं होती. बाबा पोचले तेव्हा ढिगारे उपसणं चालू होतं. "दारं, खांब, पाळणे, सगळं जळत होतं," एवढंच म्हणाले.

मग मी विचारलंच, "आणि कपडे?"

आता पळवाट नव्हती. ते म्हणाले, रस्त्याच्या कडेला डोंगर होता कपड्यांचा. देशभरातून आलेला. फाटकी शर्टं, लग्नातले शेरवानी, स्विमिंगचेसुद्धा. पावसात भिजून कुजत होते. ट्रक रुतायचे तेव्हा चाकाखाली घालायला तेच घ्यायचे. "त्यात लाल फ्रॉक एक नव्हता, शंभर असतील. मी तुला काय सांगणार होतो?"

दादाला हसू आवरेना. म्हणाला, "साहेब, माझ्या अंगात तवा एक कोट होता, पार गुडघ्यापर्यंत. तुमी मला वकील म्हणायचेत."

दुपारी नव्या गावात फिरलो. हा भाग मला बाबांच्या बाजूने लिहायचा होता, पण तसा लिहिता येत नाही. सरळ रेषेतले रुंद रस्ते, चौकोनी प्लॉट, घरांतलं अंतर ऐसपैस. जमिनीप्रमाणे घर: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, त्यावर ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. कागदावर अगदी न्याय्य. पण त्याप्रमाणे रांगा लागल्या आणि भावकी विखुरली. मावशीचा नवरा आणि थोरला दीर यांची दारं जुन्या गावात एका बोळात समोरासमोर होती. मावशीला लहान घर मिळालं, थोरल्या जावेला मोठं, म्हणून एक गावाच्या या टोकाला आणि दुसरी त्या.

"बोळात एकीनं भाकरी थापली की दुसरीला वास यायचा," मावशी म्हणाली. "आता फोन करून इचारावं लागतंय, काय केलंस म्हून."

गुडघे गेल्यापासून ती तिकडे जात नाही. जाऊही ऐंशीला टेकलेली.

बाबांनी बाजू मांडली, हळूच. पडलं तर एक घर दुसऱ्यावर पडू नये म्हणून अंतर ठेवलं. अँब्युलन्स शिरावी म्हणून रस्ते रुंद. हजारो माणसं पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात भाजत होती, लवकर करायचं होतं. सगळं खरं होतं. मावशीनेही मान डोलावली आणि म्हणाली, "व्हय, पर इचारायचं तरी." त्यावर बाबांकडे काही नव्हतं.

घराघरांनी पुढे स्वतःचं गाव करून घेतलंय. सिमेंटच्या खोलीला पुढे पत्र्याची पडवी, बाजूला चुलीचं आडोसं, मागे गोठा, मधल्या मोकळ्या जागेत कडुनिंब. मावशीच्या घरात एक गोष्ट विचित्र आहे. जुन्या घराची दाराची चौकट, सागवानी, वर गणपती आणि दोन कमळं कोरलेली. सरणात जाताना तिच्या भावाने ओढून काढली होती. नव्या घराचं दार लहान, त्यात ती बसली नाही. म्हणून एकतीस वर्षं ती आतल्या भिंतीला टेकवून उभी आहे. मागे भिंत, पुढे धान्याची कोठी. रोज सकाळी मावशी तिच्या उंबऱ्याला हळदीकुंकू लावते. उजव्या खांबावर खाली बोटभर खोल खाच आहे. ती कशाची, मी विचारलं. लेकरांची उंची मोजायची खूण, विळ्याने केलेली. तिच्यावर दुसरी खूण नाही.

सोमवार, ३० सप्टेंबर

मी मोबाइलवर पावणेचारचा गजर लावला होता आणि त्याची मला आधीपासूनच थोडी लाज वाटत होती. झोपायची सोय पडवीत, पत्र्याखाली. मावशी बारा महिने तिथेच झोपते. स्लॅबखाली एकतीस वर्षांत झोपलेली नाही. बाळंतपणाला आलेल्या सुनेला सोबत म्हणून एकदा चार रात्री गेली होती, त्याही बसून काढल्या.

गजर वाजायच्या आधीच जागी झाले. मावशी उठून पडवीच्या पायरीवर बसली होती, पदर डोक्यावर. बाबा खुर्चीत. कुणी बोलत नव्हतं. त्रयोदशीची रात्र, चंद्राची कोर अजून वर आलेली नव्हती, अंधार गच्च. पावसाचा वास होता, पण पाऊस नव्हता.

मग समोरच्या रांगेत एक दिवा लागला. थोड्या वेळाने त्याच्या शेजारी. मग पलीकडच्या रांगेत दोन, कोपऱ्यावर एक. भोंगा नाही, घंटा नाही, कुणी दार उघडून बाहेर आलं नाही. नुसते दिवे लागत गेले, आणि बाबांच्या त्या सरळ रेषा अंधारात एकेक करून दिसायला लागल्या. सगळ्या घरांत नाही. पुष्कळ घरं काळोखीच राहिली, तिथे तरुण माणसं, नंतर आलेली भाडेकरू. दादाची मुलं आत गाढ झोपली होती.

मी घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलंच. ३:५८. म्हणजे ती दोन मिनिटं कधी गेली ते मला कळलंच नाही.

"रोज जाग येते का या वेळेला?" मी विचारलं.

"रोज कशाला? झोप लागती की," मावशी म्हणाली. "आजच्या दिशी तेवढं उठायचं. एका वर्षी डोळा लागला, सहाला जाग आली. दिसभर कुनाचं तरी चोरून खाल्ल्यावानी वाटलं."

सव्वाचारला तिने चूल पेटवली.

सकाळी स्मृतिस्तंभापाशी सरकारी कार्यक्रम असतो. अधिकारी, पुढारी, शाळेची मुलं, पुष्पचक्रं, पोलिसांची मानवंदना. दर वर्षी होतो, बाजारपेठही त्या दिवशी शांत असते. जायचं असेल तर लवकर जा, पाणी जवळ ठेवा, आणि चहा-नाश्ता मिळेल असं धरून चालू नका. फोटो काढताना जरा भान ठेवा. स्तंभापाशी एक म्हातारा नुसता हात टेकवून उभा होता आणि दोन पोरं त्याच्यामागे मोबाइल धरून. भाषणं नेहमीची. निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे वक्ते दोन-तीन जास्तच होते. त्याबद्दल गावात कुणाला विशेष राग नव्हता, मलाच येत होता. दादा म्हणाला, "येऊ दे की ताई. न्हाई आले तर ते बी वाईटच दिसल."

हवेत फैरी झाडल्या. पुढच्या रांगेतल्या मुलींनी कानावर हात घेतले आणि मग एकमेकींकडे बघून हसल्या. बाभळींवरून कावळ्यांचा थवा उठला आणि तेरणेकडे निघून गेला.

"झालं," दादा कपाळाला हात लावत म्हणाला. "आता आमची पंचाईत."

पंचाईत अशी, की पितृपंधरवडा चालू होता आणि त्यांच्या घरी त्याच दिवशी पितर होते. भटजींच्या हिशेबाने तिथी धरायची तर घोळ आहे: रात्र विसर्जनाची, म्हणजे चतुर्दशी, पण पहाटे पौर्णिमा लागली होती की नव्हती यावर दोन भटजींची दोन मतं. "म्हून आमी तारखेलाच करताव," मावशी म्हणाली. यंदा तारीख पंधरवड्यातच आली. गावात अशी बरीच घरं. म्हणजे पत्र्यापत्र्यावर, कट्ट्याकट्ट्यावर घास ठेवलेले, आणि कावळा एक नाही.

बारा वाजले. साडेबारा. खीर, भरड्याचे वडे, कढी, गवार, भोपळा, आणि चार पानं. नवरा, सासू आणि दोन लेकरं. धाकटीच्या पानावर वड्याशेजारी गुळाचा खडा होता, बाकी तीन पानांवर नव्हता. दादा "काव काव" करून दमला. शेजारच्या पत्र्यावरूनही तोच आवाज, पलीकडूनही. एका घरातून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "अरे बंदुका वाजवल्यात का यांनी पितरं पळवायला!" आणि तीन-चार घरांतून हशा पिकला. त्या दिवसातला तो पहिला मोठ्याने हसण्याचा आवाज. मावशी पण हसली, पदर तोंडाला लावून.

पावणेदोनला एक कावळा आला. आधी शेजाऱ्यांकडे, मग आमच्याकडे. पहिल्यांदा गूळ उचलला.

जेवणं झाल्यावर बाबांनी दादाला विचारलं, "ती टेप आहे का रे अजून?" होती. तीस मीटरची, कापडी, चामड्याच्या गोल डबीतली, पितळी मूठ. पहिले दोन मीटर उंदरांनी खाल्लेले. दोघं उन्हात बाहेर पडले. मावशीच्या पायरीपासून सुरुवात, दादा पुढे, बाबा मागे, टोक धरायचं काम आता बाबांकडे. मी वहीत आकडे लिहीत गेले. लोक विचारत होते, "साहेब, नवीन योजना हाय काय?" जावेच्या दारापर्यंत ६१४ मीटर भरलं. जुन्या गावातला बोळ किती होता ते दादाने पाय टाकून दाखवलं: चार पावलं.

बाबांनी वही घेतली, आकडा बघितला, बेरीज परत केली. बरोबर होती.

मंगळवार, १ ऑक्टोबर : परत

निघायची वेळ नऊची ठरली होती. मावशीने येसराचा डबा, शेंगदाण्याची चटणी आणि कोथिंबिरीची जुडी बांधून दिली. कोथिंबीर पुण्यापर्यंत टिकत नाही असं मी म्हटलं, तर म्हणाली, ही टिकती. (टिकली. गाडीभर वास.)

डिकी लावली आणि बाबा म्हणाले, "मावशींना पुढं बसव."

"मला? कुठं?"

"सहाशे चौदा मीटर."

सहा-सात मिनिटं लागली, कारण मधे एका बैलगाडीने रस्ता अडवला होता आणि मावशीला काचेतून चार जणींशी बोलायचं होतं. थोरली जाऊ ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिला नीट दिसत नाही. गाडीचा आवाज ऐकून "कोन हाय?" म्हणाली. मावशी उत्तर न देता तिच्याजवळ गेली, गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसली आणि तिच्या सुपातल्या शेंगा फोडायला लागली. जावेने हात पुढे करून मनगट चाचपलं, बांगड्या मोजल्यासारख्या केल्या आणि म्हणाली, "आलीस व्हय गं. काय केलंस आज?"

"काय न्हाई अजून. तू?"

आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. मग मावशीनेच वर बघून हाताने खूण केली, जावा आता तुमी. दादा संध्याकाळी दुकान बंद केल्यावर तिला आणणार होता.

औशाला बहामनी काळातला भुईकोट आहे, वेळ असेल तर बघा, खंदक आणि बुरूज छान आहेत. बाबा तटाच्या एका ढासळलेल्या भागापाशी वाकून बराच वेळ काहीतरी शोधत होते. मी हाक मारली तर तिथूनच ओरडले, "इथं आहे बघ आरपार दगड!"